आडनावासकट

तळघरात आम्ही आडनावं बाहेर ठेवतो,
चिखलाच्या बुटांसारखी, दाराशी.
आत फक्त पहिलं नाव, घडीची खुर्ची,
आणि कॉफी, जिला आजवर
कुणीही चांगली म्हटलेलं नाही.

मी अर्लीन. सहाशे चाळीस दिवस.
"हाय अर्लीन," सगळे एकसुरात.
एवढ्यावर माझा मंगळवार निघतो.

आत राजकारण नको, हा आमचा नियम.
म्हणून वेंडलनं ते पार्किंगमध्ये काढलं,
व्हॅनच्या बॉनेटवर फॉर्म पसरून, सिगारेटच्या घोळक्यात.
"कुणाला, ते मला सांगू नका. मीही सांगणार नाही.
नाव तेवढं नोंदवा. आणि पेनं परत करा."
पेनं परत करा म्हटल्यावर आमच्यात सगळेच हसतात.

मी म्हटलं, मला चालत नाही. मी आत होते. दीड वर्ष.
"कुणी सांगितलं चालत नाही?"
आठवून पाहिलं.
न्यायाधीशानं नाही. पॅरोलच्या बाईनंही नाही.
मीच सांगितलं असणार मला, बाकीच्या गोष्टींबरोबर:
की तुला साधं कुत्रंही सांभाळता यायचं नाही,
की मुलगी फोन उचलायची नाही.
"ओहायोत बाहेर आलं की मत आपलं," वेंडल म्हणाला,
"फक्त नाव नव्यानं घालायचं."

पत्त्याच्या रकान्यात मी अडले.
सात वर्षांत मी राहिले
एका ब्यूइकच्या मागच्या सीटवर, बहिणीच्या सोफ्यावर,
आणि एका आकड्याच्या मागे.
डार्लीननं कोपरानं ढोसलं: लिही की,
चौदा, मिल स्ट्रीट, खोली चार.
माझ्याच शेजारची पाच लिहायला तिला
दोन सेकंदही लागली नव्हती.

नोव्हेंबरात तेच तळघर, त्याच खुर्च्या,
पण पडदे लावलेले खण, आणि टेबलामागे मिसेस ऑग्डन.
त्यांच्या नवऱ्याच्या औषधांच्या दुकानात
मी एकदा तीसच्या पुढे एक शून्य वाढवलं होतं.
"पूर्ण नाव?"
याच जागी दीडेक वर्ष मी अर्धंच सांगत आले होते.
"अर्लीन के. प्रॅटर."

ही सही मी जामिनावर केली आहे,
गहाणवटीच्या दुकानात, आजीच्या अंगठीखाली केली आहे,
आणि एकदा, मुलीचा ताबा सोडताना,
तेव्हा ती सगळ्यात सुवाच्य आली होती.
आता हात कापला. अक्षर वाकडं आलं. चाललं.

माझ्या खालची ओळ होती: प्रेस्टन, डार्लीन.
कोरी.
यादी छापून झाल्यावर ती गेली,
गॅस स्टेशनच्या बाथरूममध्ये, एका शनिवारी.
मिसेस ऑग्डननी पट्टी खाली सरकवली,
माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या पुढच्या
बँकवाल्या गृहस्थाला सांगितलं तेच मला सांगितलं,
त्याच आवाजात:
"मतपत्रिका त्या टेबलावर मिळेल, मॅडम."

अगदी शेवटचा प्रश्न काउंटीचा होता.
घरपट्टीत जराशी वाढ, डिटॉक्सच्या बारा खाटांसाठी.
मी खाटेसाठी अकरा दिवस थांबले होते, जमिनीवर, घाम गाळत.
डार्लीन नऊ दिवस थांबली होती.
मी गोल काळा केला, पुन्हा काळा केला,
कागद फाटेल इतका.

एक्केचाळीस मतांनी पडलं.

बुधवारी कुणी काही बोललं नाही.
आमच्या तीन घरांत मिळून छपन्न माणसं, फॉर्म भरले अठरांनी.
वेंडलनं व्हॅनच्या धुळीवर बोटानं लिहिलं, ४१,
आणि ती व्हॅन अजून धुतलेली नाही.
स्टिकर मी फ्रिजवर लावलाय,
सहा महिन्यांच्या नाण्याशेजारी.
मुलीनं फोटो बघून उत्तर पाठवलं: अंगठा. नुसता.
मी तो दिवसभर उघडून बघत होते.

मे महिन्यात तो प्रश्न परत येतोय.
आज सभा संपली की पार्किंगमध्ये या.
बॉनेट गरम असेल, सांभाळून.
पेनं मी आणलीत. मोजून आणलीत.
परत करा.